खाट खुशालरावाची, औषध नत्थुजीचं

दवाखान्याले मी नावं ठेवत नाही. दवाखाना चांगला होता. भिंतीले नवा चुना, खाटा सागाच्या, खिडकीतून वारा. डागदर बी हुशार होता, पुण्याकडचा, वामनराव नावाचा. माझ्या भावाचा पाय त्यानं असा बसवला का आमच्या तिवश्यात कोणाले जमला नसता. नावं ठेवतो मी त्या दोघाइले, ज्याइनं तो दवाखाना बांधला. अन् ठेवतो तं मोठ्यानं ठेवतो. मी दुर्गाबाई कोणाच्या बापाले भीत नाही.

ते दिवस कापसाचे होते. अमेरिका का काय म्हणतात त्या मुलखात गोरे गोऱ्याइशी लढून राहिले होते, तिकडचा कापूस बंद पडला होता, अन् विलायतेवाले आमच्या वऱ्हाडातल्या कापसाले तोंडातून निघन तो भाव देत होते. अमरावतीत जो तो शेठ झाला होता. तेल्हाऱ्याचा खुशालराव आधी आमच्यासारखाच नांगरामागं चालणारा माणूस, तो आता अमरावतीत दुकान मांडून विलायती जोडे घाले. घाले कमी अन् हातात धरून चाले जास्त, कावून का काळ्या मातीचा चिखल जोड्याले लागला तं त्याचा जीव कासावीस होये. दुसरा नत्थुजी, अमरावतीचाच. त्यानं भिंतीवरचं घड्याळ आणलं होतं. टोले पडले का घरातले सगळे मोजत अन् प्रत्येकाचा आकडा निराळा निघे. मंग नत्थुजी म्हणन तेवढे वाजले.

पैसा आला तं दानधर्म आला. तो करा बाप्पा, कोण नाही म्हणते? पण या दोघाइले दान करून गप्प बसणं माहीतच नव्हतं. खुशालरावनं दवाखान्याले खाटा देल्ल्या. नत्थुजीले ते समजलं तं त्यानं मुंबईहून औषधं मागवली. आता रोगी खाटेवर निजला म्हणजे खुशालरावाचा, अन् औषध प्याला म्हणजे नत्थुजीचा. मंग पुण्य कोणाचं? दोघं बी म्हणत, माझं. त्यातून त्याइनं एक रीत काढली. औषध दात्यानं, मंग तो खाटेचा असो का बाटलीचा, स्वतः आपल्या हातानं पाजाचं. देवळातलं तीर्थ देतात ना, तसं. आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून, चांदीच्या पळीनं. हातचं दान ते हातचं दान!

औषधाच्या बाटल्या तिथंच भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेल्या. डागदर सकाळी जेलमधल्या कैद्याइले पाहाले जाये, तेवढ्यात हे दोघं येत. कोणाले काय द्याचं ते डागदरानं सांगून ठेवलेलं असे. पण कोणाले देऊन झालं, हे कोणी कोणाले सांगत नव्हतं. विचारणं कमीपणाचं वाटे.

माझा भाऊ गोवर्धन, वयानं लहान, मले तो बाई म्हणते. तिवश्याहून कापसाची बंडी घेऊन अमरावतीले आला होता. कापूस दाबून गठाणी बांधतात त्या कारखान्यापाशी एक गठाण घसरली अन् त्याच्या मांडीवर आली. हाड मोडलं. निरोप आला तशी मी निघाली. आमाले मायबाप नाहीत, त्याले मीच वाढवला. पाहतो तं खाटेवर पडलेला, तोंड पांढरंफटक, अन् खाटेच्या पायथ्याशी मोठ्या अक्षरात खुशालरावाचं नाव. भावाचं नाव कुठंच नाही!

दुखणं असं होतं का गडी रडे. त्याच्यासाठी काळं औषध होतं, अफूच्या अर्काचं. डागदरानं मले बजावलं होतं, "बाई, एक पळी. दुखणं थांबतं. पण दोन पळ्या एका मागोमाग गेल्या तर माणूस झोपतो, आणि मग उठत नाही." हे त्यानं मले सांगितलं. ज्याइच्या हातात पळी होती त्याइले एवढं स्पष्ट सांगितलं का नाही, देव जाणे.

बाजूच्या खाटेवर सहदेवभाऊ होते. वरूडकडचे माळी, भाजीपाला लावणारे, म्हातारा माणूस, गोड बोलणारा. त्याइच्या पाठीले मोठं गळू झालं होतं, डागदरानं चिरलं होतं. त्याइले बी काळं औषध. एकादशीचा दिवस होता. सकाळीच खुशालराव आला, पायात जोडे नाहीत, ओलं धोतर. सहदेवभाऊले पळी पाजली, हात जोडून घेतले अन् गेला. थोड्या वेळानं नत्थुजी आला, देवळातून, कपाळभर गंध. त्यानं बी पळी भरली.

मी म्हटलं, "नत्थुजी, त्याइले खुशालरावनं आत्ताच देल्लं जी."

नत्थुजीनं माझ्याकडं पाह्यलं बी नाही. "त्यानं त्याचं देल्लं. मी माझं देतो."

"एकच औषध हाय ते!"

"औषध माझं हाय, बाई. एकादशीले मी रिकाम्या हातानं वापस जाऊ का?"

अन् सहदेवभाऊनं तोंड उघडलं हो. मी डोळ्यानं खुणावून राहिली होती, नको म्हणा, नको म्हणा. पण एवढा मोठा माणूस कपाळभर गंध लावून समोर उभा, पळी तोंडाशी, त्याले नाही कसं म्हणाचं? आमच्या लोकाइले मराले जमते, पण मोठ्या माणसाले नाही म्हणाले जमत नाही. प्याले. वरून हात जोडले.

दुपारी ते घोरू लागले. मंग घोरणं हळू झालं, मंग मधी मधी थांबू लागलं. डागदर जेलमधून आला तवा त्यानं त्याइचे डोळे उघडून पाह्यले, हलवलं, ओरडला, छाती चोळली. काही उपयोग नाही. दिवे लागाच्या आधी सहदेवभाऊ गेले.

अन् नत्थुजी काय बोलला? "एकादशीले गेला, झोपीत गेला. भाग्यवान. माझ्या हातचं शेवटचं घेऊन गेला." खुशालराव म्हणे, "माझ्या खाटेवर गेला." मेलेल्या माणसाच्या उशाशी उभे राहून हे दोघं भांडून राहिले होते का मुडदा कोणाचा! थू तुमच्या दानावर! माझ्या तोंडून हे मोठ्यानं निघालं बी, पण ते भांडणात एवढे रमले होते का कोणाले ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी डागदराले गाठलं. "काल काय झालं ते तुमाले समजलं का नाही?"

त्यानं इकडं तिकडं पाह्यलं. "बाई, मला का कळत नाही? पण मी चाकर माणूस. ही मंडळी म्हणतील तर उद्या दवाखाना बंद होईल. मग इथल्या लोकांनी जायचं कुठे?"

"अन् उद्या माझा भाऊ मेला तं?"

पुण्याचं शिकलेलं तोंड, पण बोलाची वेळ आली का कुलूप. मले त्याचा राग आला अन् कीव बी आली, पण राग जास्त. मीच म्हटलं, असं करा, ज्यानं औषध देल्लं त्यानं रोग्याच्या कपाळाले गंध लावाचं. डागदरानं संध्याकाळी येऊन पुसाचं. कपाळ भरलेलं दिसलं का दुसऱ्यानं पळीले हात लावाचा नाही. वाचाले नको, विचाराले नको, कोणाचा कमीपणा नको. आंधळ्याशिवाय कोणाले बी दिसन.

डागदराले पटलं. त्यानं ते दोघाइले सांगितलं, स्वतःची युक्ती म्हणून सांगितलं, सांगू दे मेला. अन् दोघाइले भल्लं आवडलं! आवडणारच. आता पुण्य दिसू लागलं ना. खुशालरावनं लाल कुंकू आणलं, नत्थुजीनं पिवळं केशरी गंध. खाटेवर निजलेले लोक बिचारे नवरदेवासारखे दिसू लागले.

पण निदान काम तं झालं. काही दिवस एकावर एक पळी गेली नाही. फक्त एक झालं, दोघाइची शर्यत लागली. आधी कोण येते? खुशालराव उजाडता उजाडता येऊ लागला. गोवर्धन झोपलेला असे, त्याले हलवून उठवे.

"घे रे, औषध घे."

"मालक, आता दुखून नाही राहिलं."

"दुखन ना मंग. घे."

अन् कुंकू लावून विजयी मुद्रेनं जाये. नंतर नत्थुजी येये, लाल कपाळ पाहून त्याचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं होये, अन् तसाच वापस जाये. मले मनातून हसू येये. मी म्हटलं, चालू द्या. तुमची जळजळ होऊ द्या, माझा भाऊ जगू द्या. एवढंच मले पायजे होतं, तो दोन पायावर घरी यावा. दीड पायावर आला तरी चालन, पण यावा.

ज्या दिवशी घडलं त्या दिवशी मी विहिरीवर गेली होती. गोवर्धनच्या पट्ट्या धुवाच्या होत्या. जाताना त्याच्या कपाळावर लाल कुंकू मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं होतं, म्हणूनच बिनघोर गेली. वापस आली तं दारातूनच दिसलं, कपाळ पिवळं. ओलं, ताजं. केसापाशी लाल रेघ राहिली होती अन् कानावर कुंकवाचा ओघळ. नत्थुजी खाटेपाशी उभा राहून धोतराले बोटं पुसत होता.

माझ्या हातातल्या पट्ट्या खाली पडल्या. "नत्थुजी! कुंकू कुठं गेलं?"

"पुसलं," तो म्हणे. अगदी सहज. पाटीवरचं पुसावं तसं. "रोज रोज त्याचंच कपाळ? खाट त्याची असन. डोकं काय त्याच्या बापाचं हाय?"

"अन् औषध?"

"देल्लं ना. गंध फुकट लावतो का मी?"

अय माय! म्हणजे याले समजत नव्हतं असं नाही. कपाळ भरलं असलं का औषध द्याचं नाही, हे याले चांगलं समजत होतं. म्हणूनच त्यानं आधी कपाळ रिकामं केलं! अशा अकलेले काय करावं? आता खुणेचा काही उपयोग राहिला नाही, कावून का जो खूण पुसते त्याले खूण काय सांगन?

मी पळतच गेली. डागदर त्या दिवशी लवकर आला होता, मागच्या खोलीत जेवाले बसला होता. ताटावरून ओढून आणला. त्यानं गोवर्धनचे डोळे उघडून पाह्यले. बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या. त्याचं तोंड उतरलं, मी पाह्यलं. मंग त्याची नजर नत्थुजीकडं गेली अन् तो म्हणे, "थोडं थांबून पाहू."

थांबून? सहदेवभाऊले थांबूनच पाह्यलं होतं!

मी गोवर्धनले काखेत हात घालून बसवलं. गडी लुळा पडला होता, मान इकडून तिकडं. डागदर माझ्या कानापाशी वाकला अन् अगदी हळू, नत्थुजीले ऐकू जाऊ नये असा, म्हणे, "मोहरी. कोमट पाण्यात. भरपूर." मी ओरडली, "मोहरी आणा वं कोणी!" शेजारी भुईवर निजलेल्या रोग्याची बायको गोदाबाई, तिची चूल मागं पेटलेलीच होती, तिनं वाटून पाण्यात कालवून आणलं. पाजलं. घशात बोट घातलं. त्यानं माझं बोट चावलं, तरी काढलं नाही. अन् ओकला एकदाचा. काळं, पिवळं, सगळं. त्यातलं बरंचसं नत्थुजीच्या धोतरावर पडलं, अन् खरं सांगतो, तेवढ्या भीतीत बी मले बरं वाटलं.

पण झोप उतरत नव्हती. डागदर म्हणे, निजू देऊ नका. मंग मी काय करू? पाय मोडलेला, चालवता येईना. मी त्याले शिव्या देल्ल्या. जन्मल्यापासूनचं सगळं काढलं. लहानपणी माझे शेंगदाणे चोरले ते, बैल सोडून जत्रेले पळाला ते, लग्नात रुसून बसला ते. "ऊठ रे ढोरा! बायको पोटुशी हाय तुई, अन् तू निजून राहिला? शालूले काय सांगू मी? डोळे उघड!" केस ओढले, गालावर हाणल्या, तोंडावर पाणी मारलं. तो डोळे उघडे, "बाई, निजू दे," म्हणे, अन् वापस मिटे. मी वापस हाणे. माझा घसा बसला. गोदाबाई म्हणे, सरका, मी देतो शिव्या. तिनं बी देल्ल्या, चांगल्या देल्ल्या. दिवस कलला तवा तो स्वतःहून बोलला, "बाई, गाल दुखते." तवा मी खाटेच्या कडेले डोकं टेकून रडली.

आता तुमाले वाटन, दुसऱ्या दिवशी त्या दोघाइले लाज वाटली असन. अहो, दुसऱ्या दिवशी त्याइनं मले बोलावलं, मले! बाहेरच्या ओसरीवर गादी टाकली होती. खुशालराव, नत्थुजी, दुकानातले चार होयबा, अन् कोपऱ्यात डागदर उभा.

नत्थुजी म्हणे, "या बाईनं माझं दान ओकाले लावलं. हातचं पुण्य बाहेर काढलं. हा अपमान हाय."

अन् खुशालराव? मले वाटलं, याचं कुंकू पुसलं, हा तं नत्थुजीवर उलटन. उलटला बी. "माझं कुंकू पुसाचं तुमाले काय कारण?" एवढंच त्याचं दुखणं! कुंकवावरून दोघं बराच वेळ भांडले. गोवर्धन मरता मरता वाचला, हे कोणाच्या तोंडी आलं नाही.

मी आत गेली. कोनाड्यातली काळी बाटली अन् पळी आणली अन् दोघाइच्या मधात ठेवली. "भांडू नका. हे घ्या. एक पळी खुशालरावनं भरा, एक नत्थुजीनं. अन् दोन्ही या डागदराले पाजा. तुमचंच दान हाय, चांगलंच असन. डागदर शिकलेले हायेत, त्याइले ठाऊक हाय यानं काय होते. प्या डागदर. दोघाइच्या हातचं प्या."

सगळे डागदराकडं पाहू लागले. तो दोन पावलं मागं सरकला. भिंतीले पाठ लागली. त्याचं तोंड पाहून शेंबड्या पोराले समजलं असतं. मी म्हटलं, "पाह्यलं? आता बोला." मले खरंच वाटलं, आता डागदर बोलन. एक वाक्य बोलाचं होतं त्याले.

खुशालराव हसला. "डागदराले कुठं दुखून राहिलं, बाई, त्याले औषध पाजाले?" होयबे हसले. नत्थुजी बी हसला. पहिल्यांदा दोघं एका गोष्टीवर एक झाले. अन् एक झाल्याबरोबर त्याइनं नियम केला. रोग्याचे नातेवाईक गोंधळ करतात, म्हणून आजपासून नातेवाइकाइनं खाटेपाशी बसाचं नाही. फाटकाबाहेर राहाचं. झाला नियम! पळी कोणाच्या हातात, हे कोणी विचारलं नाही. पळीकडं पाहणाराले तेवढं बाहेर काढलं.

मी डागदराले विचारलं, "हे बरोबर हाय का?" त्यानं बाटली अन् पळी उचलली अन् वापस कोनाड्यात नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या तिवश्याच्या सूर्यभानची बंडी बोलावली. पाय अजून जुळला नव्हता, हलवणं वाईट होतं, हे मले समजत नव्हतं असं नाही. पण इथं ठेवला तं फाटकाबाहेर बसून मले फक्त रडणं ऐकू आलं असतं. बंडीत कडबा टाकला, वर गोधडी, अन् चार माणसाइनं खाटेसकट उचलून त्याले आणलं. खुशालराव ओरडला, "खाट माझी हाय!" मी म्हटलं, "घ्या तुमची खाट, नावासकट घ्या." खाट तिथंच आपटली.

बंडी मागच्या गल्लीतून निघाली तवा डागदर मागून आला. टोपी नाही, पायात काही नाही. त्यानं कपड्यात गुंडाळलेली लहान बाटली माझ्या हातात कोंबली अन् बंडीबरोबर चालत चालत सांगू लागला. सगळं सांगितलं, स्पष्ट, एका दमात. पाय कसा बांधलेला ठेवाचा, धक्का बसला तं काय कराचं. अन् औषध? "दुखलं तरच. रात्री, एकच पळी. आणि बाई, एकाच माणसाने द्यायचं. तुम्हीच द्या. दुसऱ्या कोणालाही हात लावू देऊ नका, मग तो कितीही मोठा असो. दोन हात झाले की माणूस जातो."

मी सूर्यभानले बंडी थांबवाले सांगितलं.

"हे तुमाले काल ओसरीवर बोलता येत नव्हतं?"

त्याचे डोळे भरले. हात जोडून उभा राहिला. मले त्याची कीव यावी असं त्याले वाटत असन. माझा भाऊ गोधडीखाली कण्हून राहिला होता, अन् खिडकीतून दिसत होतं, तीच खाट वापस आत नेऊन तिच्यावर गोदाबाईच्या माणसाले निजवलं होतं अन् नत्थुजी पळी घेऊन तिकडं निघाला होता. गोदाबाई मागच्या फाटकाबाहेर उभी होती, दोन्ही हातानं गज धरून.

"आत जा," मी म्हटलं. "मले कावून सांगता? पळी तिकडं चालली."